दाट जाळं

बिक-वानने झाकण उचललं आणि ती तशीच बसून राहिली. कोळी पेटीच्या कोपऱ्यात दबून बसला होता. जाळं म्हणावं असं काही नव्हतंच. तीन धागे, तेही तिरके.

जेमतेम फटफटलं होतं. अंगणात देवीपुढच्या उदबत्त्यांची राख पडली होती. काल सातव्या महिन्याची सप्तमी होती. आकाशातल्या विणकर मुलीला, म्हणजे याच देवीला, तिचा गुराखी वर्षातून एकदाच भेटतो, ती रात्र. त्या रात्री गावातल्या मुली देवीपुढं एकेका पेटीत कोळी ठेवतात. सकाळी जिचं जाळं दाट, तिच्या हाताला देवीनं कला दिली. आणि हातात कला असलेल्या मुलीला सासर चांगलं, हे शेंबडं पोरही सांगेल.

तिनं दुसरी पेटी उघडली. पेट्या दोन्ही सारख्याच, फरक काय तो झाकणांत. तिच्या झाकणावर पीचचं फूल होतं, धाकट्या सौ-मेईच्या झाकणावर मासा. माशाच्या झाकणाखाली काठोकाठ जाळं भरलं होतं, बोट घालायला जागा नव्हती.

बिक-वानला देवीचा रागच आला. सौ-मेईला सुईत दोरा ओवायला अर्धी दुपार लागायची. आणि बिक-वाननं महिनाभर बसून, तिळाचा एकेक दाणा चिकटवून, देवीसाठी बोटभर चपला केल्या होत्या. त्या बघायला पलीकडच्या गल्लीतल्या बायका आल्या होत्या. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ते असं.

आज लाऊबाई येणार होत्या. त्यांच्या घरचा रेशमाच्या कोशांचा व्यापार, आणि त्यांचा मुलगा चेक-होई होडी घेऊन कोश न्यायला यायचा. दोन महिन्यांपूर्वी त्यानं तुतीच्या बांधावर तिच्या टोपलीत लिचीचा एक घोस टाकला होता आणि होडीकडं बघत म्हणाला होता, "सण झाला की आई येईल तुमच्याकडं." तेवढ्या एका वाक्यावर तिनं दोन महिने काढले होते.

पण लाऊबाईंचा निरोप आला तो 'तुमच्या घरची मुलगी' एवढाच. दोघींतली कोणती, ते नाही. "जाळी बघू, मग ठरवू," बाबा काल म्हणाले होते.

आणि नाही ठरलं तर काय, ते ती रोज कुंपणापलीकडं बघत होती. शेजारची गाम आत्या वीस वर्षं रेशमाच्या कारखान्यात उकळत्या पाण्यातून कोश काढत होती. तिची बोटं फुगून पांढरी पडली होती. जन्मभर लग्न करणार नाही अशी देवीपुढं शपथ घेऊन तिनं आपल्या हातानं वेणीचा अंबाडा घातला होता. तिच्या मजुरीवर भावाचं घर चाललं होतं. लोक तिला मान देत, पण बिक-वानला तिच्या बोटांकडं बघवत नसे.

तिनं झाकणांची अदलाबदल केली. पीचचं फूल दाट जाळ्यावर, मासा तीन धाग्यांवर. कोळी हलले नाहीत.

"ताई, एवढ्या लवकर उठलीस?" सौ-मेई दारात उभी होती.

"झोप लागली नाही."

"लागेल कशी. लिचीवाले पाहुणे यायचेत ना?"

तिनं चिडवलं खरं, पण ती हसली नाही. तिचे डोळे सुजले होते. काल संध्याकाळी पाणी घेऊन आल्यापासून ही बडबडी पोर गप्पच होती. विचारलं तर धूर गेला म्हणाली.

ऊन वर आलं तशा लाऊबाई आल्या, सगळे अंगणात जमले. गाम आत्या तबक घेऊन आली. तबकात लाल दोरा गुंडाळलेली कोरी फणी होती. नवरीचे केस विंचरायला अशीच फणी लागते. बिक-वानची कानशिलं तापली.

"आत्या, तुम्हालाच फार घाई," ती पुटपुटली.

"दिवस चांगला आहे, पोरी. शुभ काम आजच झालेलं बरं."

लाऊबाईंनी पीचच्या फुलाचं झाकण उचललं. "अगं बाई, कापडच विणलंय की. कुणाची ही?"

"माझी," बिक-वान म्हणाली.

सौ-मेईचा चेहरा पांढराफटक पडला. "तसं नाही ते, बाबा—"

"मध्ये बोलू नकोस," बाबा म्हणाले.

लाऊबाईंनी दुसरं झाकण उचलून पाहिलं आणि ठेवलं. मग बाबांकडं बघून मान डोलावली, मनगटातली हिरव्या जेड दगडाची बांगडी काढली आणि सौ-मेईच्या हातात चढवली.

"बाई," बिक-वान कशीबशी म्हणाली, "दाट जाळं माझं आहे."

"म्हणून तर," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. "तुझी आई गेली, माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही. असले हात परक्या घरी देऊन आम्ही खायचं काय? तू कारखान्यात जाशील. लाऊबाईंशी कालच बोलणं झालंय."

"आम्हाला काय, घर सांभाळणारी हवी," लाऊबाई म्हणाल्या. "कुठलीही चालेल."

"आणि चेक-होई? त्यांना विचारलं?"

"मुलाला काय विचारायचं? त्यानं या घराचं नाव घेतलं, आम्ही या घरी आलो."

गाम आत्यानं फणीचा लाल दोरा सोडला. "बस, पोरी. शपथ मोठ्यानं घ्यायची, देवीला ऐकू गेली पाहिजे."

बिक-वान गुडघ्यांवर बसली. तिची वेणी मोकळी करायला सौ-मेई मागं वाकली. तिच्या हातातली सैल बांगडी बिक-वानच्या मानेला लागत होती.

"काल पाण्याला गेले तेव्हा बाबांचं नि लाऊबाईंचं बोलणं ऐकलं मी," सौ-मेई कानाशी म्हणाली, "म्हणून रात्री उठून झाकणं मी बदलली होती, ताई. दाट जाळं तुझंच होतं. ती परत कुणी बदलली गं?"