हर्षद लिहीत आहे

हर्षदच्या आईने, वंदनाकाकूंनी, त्याच्या लॅपटॉपचा चार्जर प्लगपाशी चिकटपट्टीने घट्ट बांधून टाकला होता. कुणाचा पाय लागून निघायला नको म्हणून.

"बंद नको हं करूस," त्या प्राजक्ताला म्हणाल्या. "हर्षद गेला तेव्हापासून एकदाही बंद नाही केलेला."

प्राजक्ता खुर्चीच्या अगदी टोकाला बसली. कुकटपल्लीच्या या फ्लॅटमध्ये ती कितीदा तरी आली होती, पण या खुर्चीवर बसायची बिशाद नव्हती कुणाची. हर्षद सरळ ढकलून द्यायचा.

स्क्रीनवर शाळेच्या रोबोटिक्स टीमचं विकी, सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट, उघडं होतं, आणि त्यात हर्षदचं पान, अर्धवट. त्याने जोडलेले फोटो सगळ्या टीमला दिसायचे, लिहिलेलं मात्र नाही. पब्लिश करेपर्यंत ड्राफ्ट ज्याचा त्यालाच दिसतो. तो टाइप करत असला की बाकीच्यांना दिसायचं ते कोपऱ्यातलं एक हिरवं वर्तुळ आणि त्याच्या बाजूला तीन शब्द. हर्षद लिहीत आहे.

डेंग्यूने तो गेला, तरी रोज संध्याकाळी ते वर्तुळ पेटायचं. ओमकारने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ग्रुपवर टाकलं, "यारो, हर्षद अब्बीच लिखरा है." एरवी कशावरही दात काढणारी टीम. त्या दिवशी कुणी एक स्मायलीसुद्धा टाकली नाही.

"काकू, रोज संध्याकाळी तुम्ही..."

"मीच." काकू ओशाळल्या. "काही बिघडवलं नाही गं. एकदा स्पेस दाबते, लगेच पुसते. मग ते खाली 'सेव्ह झालं' म्हणून येतं ना? तेवढं बघते नि कुकर लावायला जाते."

प्राजक्ताने मेट्रोत पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. "काकू, उद्या रोबोटिक्स स्पर्धेवाले टीमची पानं तपासणार. पब्लिश केलेलीच बघतात ते. हर्षदचं त्याच्या खात्यातून पब्लिश केलं तर वर त्याचं नाव येईल. नाही तर सर मला लिहायला सांगणार. मग माझं नाव येईल."

"तुझं कशाला? मग कर की."

"पण मग ड्राफ्ट उरत नाही, काकू. ते वर्तुळ जाईल."

काकूंनी ओढणीच्या टोकाने स्क्रीनवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

"शेवटचं वाक्य अर्धंच आहे बघ," त्या म्हणाल्या. "'मोटर गरम होते याचं कारण', आणि पुढे काहीच नाही. तुला माहितीये पुढचं?"

प्राजक्ताला माहीत होतं. त्यावरूनच तर दोघं कडाकडा भांडले होते, आणि शेवटी तोच बरोबर निघाला होता. तिने बोटं कीबोर्डवर ठेवली.

"लिहू?"

"नक्को," काकू म्हणाल्या. काकू पक्क्या पुण्याच्या. हा इथला दखनी शब्द घरात आणला होता तो हर्षदने. "असू दे तसंच. त्याचंय ते."

प्राजक्ताने पब्लिश दाबलं. पान क्षणभर कोरं झालं आणि परत आलं, नीटनेटकं, वर ठळक अक्षरांत हर्षदचं नाव. कोपरा रिकामा होता.

"छान दिसतंय गं," काकू म्हणाल्या.

खाली सोसायटीतले दिवे लागले. प्राजक्ता उठली, तशी काकू त्या खुर्चीवर बसल्या. सवयीने त्यांचं बोट स्पेसवर गेलं.

'सेव्ह झालं' आलं नाही. पान तेवढं खाली सरकलं.

त्यांनी पुन्हा दाबलं. पान पुन्हा सरकलं. मोटरचे फोटो गेले, ते अर्धं वाक्य आलं, आणि त्याखाली पान संपलं.

काकू दाबतच राहिल्या.