बापलेकीचा नाच

चर्चच्या दारातच विहीणबाई मिलाग्रोसनं तोडगा काढला. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या रीतीप्रमाणे नवरीला आईबाप दोघं मिळून वेदीपर्यंत नेतात. पण लिगायाची आई हाँगकाँगला, आणि ती येणार नव्हती.

"क्रिसान्तो, तुम्ही एकटेच न्या तिला," मिलाग्रोस म्हणाली. "अमेरिकेत तसंच असतं. म्हणजे कुणी काही विचारायला नको."

क्रिसान्तोनं मान डोलावली. विचारायचं राहिलंच कुठे होतं? त्याची बायको फ्लोर बावीस वर्षं हाँगकाँगला दुसऱ्यांची घरं सांभाळत होती. महिन्यापूर्वी तिनं तिथं दुसरा घरोबा केला आणि आता ती फोनही उचलत नाही, ही बातमी गावाला तोंडपाठ होती. नवल म्हणजे ती क्रिसान्तोनंच स्वतःच्या तोंडानं सांगितली होती.

अब्रू गेली तर जाऊ दे, लेकीचं लग्न लागू दे, एवढंच त्याचं मागणं होतं. दोनदा ते हुकलं होतं. मिलाग्रोस तीस वर्षं कॅलिफोर्नियात राहिली, पण समजुती पाळण्यात गावातल्या म्हाताऱ्यांना हार जाणारी नव्हती. एका वर्षात घरातली दोन लग्नं नकोत, म्हणून तिच्या थोरल्या मुलाच्या लग्नापायी एक वर्ष गेलं. मरणाच्या वर्षी लग्न नको, म्हणून तिचे सासरे वारले तेव्हा दुसरं. लिगायाला आता बत्तीस पुरी झाली होती आणि नवरदेव नेथनची रजा रविवारी संपत होती. पुन्हा थांब म्हटलं तर तो थांबेल, याची खात्री कोण देणार?

सकाळी एका आत्यानं फ्लोरचा फोटो केकच्या टेबलावर ठेवला होता. लिगायानं तो सगळ्यांदेखत उचलून कपाटात टाकला.

"जिला आज यावंसं वाटलं नाही, तिचं नाव आज कुणी काढायचं नाही," ती म्हणाली.

विहीणबाईंना पोरीचा बाणा आवडला. क्रिसान्तोच्या मात्र फ्लोरची बाजू घेणारं वाक्य जिभेवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. जगात आपल्याशी बोलणारं कुणीच उरलं नाही, असं त्याला वाटलं.

लेकीला वेदीपाशी सोडून तो पहिल्या बाकावर बसला. शेजारची जागा रिकामीच राहिली. मागे कुणीतरी कुजबुजलं, की बायको राखता आली नाही बिचाऱ्याला. समोर दोघांच्या खांद्यांवर मिळून एकच पांढरं झिरझिरीत वस्त्र टाचलं गेलं, दोघांभोवती एकच दोर पडला, पाद्र्यानं आशीर्वाद दिला. लग्न लागलं. क्रिसान्तोनं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

हॉलमध्ये भाजलेलं अख्खं डुक्कर होतं आणि तीन मजली केकही. मग अमेरिकन पद्धतीनं बापलेकीच्या नाचाचा पुकारा झाला. क्रिसान्तोला तसला नाच येत नव्हता. लिगायानं त्याचा हात धरला आणि दोघं जागच्या जागी डुलू लागले.

"नानायवर एवढा राग धरू नकोस, बाळ," तो हळूच म्हणाला. "आई आहे ती तुझी."

विहीणबाई पलीकडे हसतमुखानं टाळ्या वाजवत होत्या. लिगायानं त्यांच्याकडे पाठ केली आणि त्याच्या खांद्यावर तोंड लपवलं.

"मी रागावले नसते, तर तुमचं खोटं सासूबाईंना पटलं असतं का?" ती कुजबुजली. "नानायच्या मालकिणीचा फोन मलाही आला होता, ताताय. मंगळवारी मनिलाला नानायची शवपेटी घ्यायला तुम्ही एकटे जायचं नाही."