काचेतला जुळा

यंत्रातलं पाणी काळवंडलं होतं.

तिनं काचेला नाक लावून पुन्हा पाहिलं. काल संध्याकाळपर्यंत मधासारखं पिवळं होतं, आता पाटी धुतलेल्या पाण्यासारखं दिसत होतं. आत धातूचा खुबा माणसाच्या चालीनं, माणसाचं वजन अंगावर घेऊन डोलत होता. रात्रंदिवस चालून त्यानं काही महिन्यांत माणसाची कित्येक वर्षं उरकली होती. तो झिजून पाण्यात उतरणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. तिचीही.

"एका नगावरून बोंब नको," साहेब फोनवर म्हणाले. "त्याच्याबरोबरचा दुसरा लावा. मग बघू."

दुसरा होता. धातूची भुकटी थरावर थर वितळवून एकाच थाळीवर दोन खुबे छापले होते. त्यातला एक इथे काचेत होता, आणि दुसरा तिच्या बाबांच्या शरीरात. साहेबांच्या हातापाया पडून तिनंच तो मिळवला होता. साहेब ते विसरून गेले होते.

दार ढकलून बाबा आत आले. हातात काठी नव्हती.

"जिन्यानं आलो," असं म्हणून ते कौतुकाची वाट बघत उभे राहिले. "डॉक्टरांकडूनच येतोय. म्हणाले, हाडानं धातूला असं धरलंय की आता देव आला तरी सुटायचं नाही. अंगाला मानवलाय म्हणे."

हेच तर तिला हवं होतं. हाडाला शिरायला खुब्याच्या वाटीच्या पाठीवर बारीक भोकं तिनंच आखली होती. आता तो काढायचा म्हणजे हाडच फोडायचं. आणि बाबांचं हृदय दुसऱ्यांदा भूल सोसणार नाही, हे त्याच डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं.

ती हळूच सरकून काचेसमोर उभी राहिली. बाबांनी तिच्या खांद्यावरून डोकावलंच.

"हाच का माझा जुळा? फार चालतो म्हणतेस."

"तुमच्या पुष्कळ पुढे गेलाय, बाबा."

"मग विचार की त्याला, पुढचा रस्ता कसा आहे."

ती हसली नाही. "जाताना लिफ्टनं जा," ती म्हणाली. "आणि फिरणं जरा कमी करा."

"का गं?"

सांगितलं तर बाबा घरात बसून काळजीनं खंगणार होते, आणि नाही सांगितलं तर मजेत चालत राहणार होते. यातलं काय बरं, हे तिला कोणी सांगितलं असतं तर फार उपकार झाले असते.

"काही नाही. आपलं सहज."

"वर्षभर खाटेला खिळलो होतो मी. आता कुठे सुटलोय, तर तू लिफ्ट दाखवतेस मला." त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि निघाले.

पावलं जिन्यावर वाजू लागली, ठाम, एकसारखी. यंत्राचा ठेकाही तोच होता. तिला ते ऐकवेना. तिनं हात लांब करून बटण दाबलं.

यंत्र थांबलं. जिन्यावरची पावलं चालूच राहिली.