उभा राहील का?

एका म्हाताऱ्या स्टारला टीममध्ये घ्यायचं की नाही, यावर मालकांच्या केबिनमध्ये सकाळपासून डोकेफोड चालली होती. त्याच्या एकट्याच्या मानधनापायी माझे दोन धडधाकट खेळाडू सोडावे लागणार होते. मी कोच, त्यामुळे इरेला पेटलो होतो.

"साहेब, त्याच्या गुडघ्यांत आता काही राहिलेलं नाही."

मालकांनी फिजिओकडे पाहिलं. "दोन तास उभा राहील का?"

"उभा राहील," फिजिओ म्हणाला. "पळणं जमणार नाही. उडी तर विसराच."

माझा जीव भांड्यात पडला. बास्केटबॉलमध्ये नुसत्या उभ्या माणसाचं काय लोणचं घालायचंय?

"मग घेऊन टाका," मालक म्हणाले. "पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. व्याह्यांकडच्या लोकांना त्याच्यासोबत फोटो हवेत."

मला शिसारी आली. दार आपटून बाहेर पडलो, तर तो पॅसेजमध्येच बाकावर बसलेला. एकेकाळी पंचांनाही न जुमानणारा माणूस. म्हटलं, याला कळू दे, हा आत जाऊन यांच्या तोंडावर थुंकेल. मी आतलं सगळं बोलणं जसंच्या तसं त्याला सांगून टाकलं.

पँटवरूनच गुडघा चोळत त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"लग्न हॉलमध्ये आहे की लॉनवर?" त्याने विचारलं. "गवतावर उभं राहिलं ना कोच, की फार दुखतो हा."