शाबासकी

माझा लेक इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. नोकरी करून, घर सांभाळून शिकणारी मुलं, म्हणून त्याने गृहपाठाची नवीच तऱ्हा काढली. गणितं पाच द्यायची, ज्याला जेवढा वेळ असेल त्याने तेवढी सोडवायची. एक जरी नीट सोडवलं, तरी गृहपाठ पूर्ण.

मी म्हटलं, "असले लाड केलेस तर सगळे एकावरच भागवतील. ती तुझी एक विद्यार्थिनी कधी दुसऱ्या गणिताला शिवली का? घरी दुखणं आहे म्हणे! कोणाच्या घरी नसतं रे? मी चौथीत शाळा सोडली, पण कामचुकार मला लांबून ओळखू येतो."

आज लेक आला तो चपला न काढताच खुर्चीत बसला.

"आई, आज त्या मुलीने पाचही सोडवून आणली."

"बघ! मनावर घेतलं की जमतं. पाठ थोपटलीस ना?"

"थोपटली. सगळ्या वर्गासमोर शाबास म्हणालो. विचारलं, एवढा वेळ कुठून काढलास?"

"मग?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"म्हणाली, काढला नाही, सर. आई गेली. आता वेळच वेळ आहे."