चिमणीची झोप

विश्रांतीच्या खोलीत खाट एकच होती आणि ती चिमणीला मिळाली.

"तू खुर्चीवर जरा पाठ टेक," नवरा ताईला म्हणाला आणि चिमणीच्या अंगावर स्वतःची शाल पसरून बाहेर गेला. जाताना त्याने दारही हळूच ओढून घेतलं. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने आपटल्याशिवाय दार लावलेलं ताईने पाहिलं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बसचे हादरे तिनेही सकाळपासून खाल्ले होते. संध्याकाळी मंचावर मधोमध बसून गाणार होती ती. जाहिरातीवर फोटो तिचा. ही चिमणी कोण? ताईच्या खांद्याआड बसून तिच्या सुरात सूर मिसळणारी पोर. जन्मात एकटीने एक ओळ गायली नाही, पण थाट मात्र जावयाचा.

गुरुजींच्या ध्यानकेंद्रात तरी काय वेगळं होतं! पहाटे ध्यान, मग स्वयंपाकघराची पाळी, मग तालीम, आणि महिन्यातले निम्मे दिवस प्रवास. तिथे सगळ्यांना सगळं करावं लागे. गुरुजी स्वतः भांडी घासायचे. एकट्या चिमणीने मात्र भाजी चिरायची नाही, गार पाणी प्यायचं नाही आणि दुपारी झोपायचंच. "झोप झाली का गं?" गुरुजी रोज न चुकता विचारायचे, तेही चिमणीलाच. मध्ये एकदा तिला ताप आला तर त्यांनी अख्खा कार्यक्रम रद्द केला.

"अहो, पण गाणार मी आहे ना?" ताई तेव्हा म्हणाली होती.

"आज मौनच बरं," म्हणत गुरुजी उठून गेले होते.

पूर्वी असं नव्हतं. मग ताईचा घसा बसला, महिनोन्महिने औषधं चालली, आणि नेमकी त्याच सुमारास चिमणी केंद्रात आली. आणली ती नवऱ्यानेच. ताई बरी होऊन पुन्हा गायला बसली तेव्हा लोक म्हणू लागले, दुखण्याने आवाज उलट कोवळाच झाला की! रेकॉर्डिंग ऐकताना ताईला स्वतःलाच तो जरा परका वाटला होता. "यंत्रातून आपला आवाज सगळ्यांनाच परका वाटतो," नवरा म्हणाला होता. केंद्राचे मायक आणि स्पीकर तोच सांभाळायचा. त्याला कळत असणारच.

ताईला खुर्चीवर चैन पडेना. ती उठून सभागृहात गेली. नवरा मंचावर वायरी चिकटवत बसला होता.

"अहो, ती पोर तुमची कोण लागते?"

"कोण लागणार? केंद्रातली मुलगी."

"मग तिला तुमची शाल कशाला?"

"बसमध्ये गारठली होती गं."

"मी काय वेगळ्या बसमध्ये होते?"

नवऱ्याने चिकटपट्टी दातांनी तोडली. "तुझं गाणं नीट व्हावं म्हणूनच करतो सगळं."

"माझ्या गाण्याला तिची काय गरज? आज मी एकटी गाते. तिला झोपू दे हवं तेवढं."

"नको!" तो एवढ्या घाईने म्हणाला की ताई चपापली. "म्हणजे, बसलंय आता सगळं. घडी कशाला मोडायची?"

चोराच्या मनात चांदणं, ताई मनाशी म्हणाली. आज शाल दिली, उद्या हाच माणूस पोरीला पुढे आणून बसवेल. नवऱ्याकडे घरी गेल्यावर बघता आलं असतं. पण मंचावरची मधली जागा गेली तर तिच्यापाशी उरणार काय होतं? मुलं आपापल्या घरी, आणि लोक ओळखत होते ते गाण्यामुळे. ती जागा ती मरेपर्यंत सोडणार नव्हती.

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. चिमणी झोप काढून टवटवीत होऊन आली आणि ताईच्या मागे बसली. केंद्राच्या पद्धतीप्रमाणे गाण्याआधी सगळ्यांनी डोळे मिटले. गुरुजी सांगेपर्यंत कोणी उघडत नसे. कोपऱ्यात यंत्रापाशी बसलेला नवराही नाही.

ताईने मात्र आज उघडले.

मायकच्या बुडाशी खटका असतो आणि तो दाबला की वायर सुटते, एवढं ती नवऱ्याच्या संगतीत शिकली होती. तिने हात मागे चिमणीच्या मायककडे नेला. खटक्याचा बारीक आवाज कुणाच्या तरी खोकल्यात बुडाला. लाज वाटायला हवी होती. पण वाटला तो आनंदच.

पेटी सुरू झाली, तबला सुरू झाला, आणि ताईने सूर लावला. जीव ओतून लावला. कित्येक दिवसांत ती अशी मोकळी गायली नव्हती. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"आवाज येत नाहीये!" मागून कोणीतरी ओरडलं.

"काहीच ऐकू येत नाही!" दुसरं कोणी म्हणालं.

ताई थांबली. नेमका आजच मायक दगा देतो म्हणजे काय! तिने त्यावर टिचकी मारली, पुन्हा मारली, आणि वैतागून नवऱ्याला खूण केली. तो आधीच धावत निघाला होता. ताईने आपला मायक त्याच्यापुढे धरला, पण त्याच्याकडे न बघता तो तिला ओलांडून मागे गेला आणि गुडघ्यावर बसला.

चिमणी डोळे मिटून गातच होती. नवऱ्याने तिच्या मायकला वायर लावली आणि सभागृहभर ताईचा तो कोवळा, सगळ्यांच्या ओळखीचा आवाज घुमला. पुढच्या रांगेने समाधानाने माना डोलावल्या. ताईने तेव्हा तोंडही उघडलं नव्हतं.