चौथऱ्यावरची परीक्षार्थी

साडेआठ वाजून गेले आणि मॉडेल येणार नाही हे नक्की झालं. मुतखड्याची कळ उठली म्हणून त्या म्हाताऱ्याला सकाळीच दवाखान्यात नेलं होतं. क्लुज शहरातल्या कलामहाविद्यालयात प्रवेशपरीक्षेला आलेले बावीस जण आपापल्या ईझलमागे, म्हणजे चित्राची फळी टेकवायच्या तिकाटण्यामागे, उभे होते आणि मधला चौथरा रिकामा होता.

हळूहळू सगळ्यांच्या नजरा सतरा नंबरच्या ईझलकडे वळल्या. तिथे वेतुरिया मोल्दोवान उभी होती. वय एकसष्ट. कोळशाच्या कांड्या आणि कोळसा पुसायला आणलेला पावाचा मऊ गर तिने ओळीने मांडून ठेवला होता. अठ्ठावीस वर्षं ती याच खोलीत मॉडेल म्हणून बसत आली होती. आज मात्र ती परीक्षेला आली होती.

"मावशी, तुमची जागा तिकडं. इथं कशाला गर्दी करताय?" मागून एक मुलगा म्हणाला. दोघंतिघं हसली. वेतुरियाने ओळीतून सरकलेली एक कांडी सरळ केली.

एकोणिसाव्या आणि विसाव्या वर्षी तिने ही परीक्षा दिली होती. तेव्हा साऱ्या वर्गाला जागा आठ. दोन्ही वेळा यादीत तिचं नाव नव्हतं. मग चिनी मातीच्या कारखान्यात बशांच्या काठावर गुलाब रंगवण्यात तारुण्य गेलं. कारखाना बंद पडला तेव्हा ती या चौथऱ्यावर येऊन बसली. निदान या खोलीत तरी असू, एवढीच तिची आस होती. पण तिथून चित्र दिसत नसे. दिसायच्या त्या फळ्यांच्या पाठी आणि वरून डोकावणारे डोळे. शिक्षक मुलांना जे सांगत, ते मात्र कानावर पडे. आधी वजन कुठल्या पायावर आहे ते बघ. मान खांद्यावर ठेवू नकोस, खांद्यातून वर येऊ दे. घरी गेल्यावर ती कसायाच्या दुकानातल्या मांस गुंडाळायच्या कागदावर ते सगळं करून बघे. प्रवेशासाठी शालान्त परीक्षा लागते, म्हणून नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर रात्रशाळेत बसून गेल्या वर्षी ती शालान्तही पास झाली.

प्राध्यापक पांतेआ तिच्याजवळ आले. ते स्वतः याच वर्गात शिकलेले. चित्रातला पहिला खांदा त्यांनी तिला बघूनच काढला होता. हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की आत्ता दुसरं मॉडेल मिळणं शक्य नाही. परीक्षा पुढे ढकलली तर ती थेट सप्टेंबरात जाईल. पोरं कुठून कुठून आली आहेत. आजच्या दिवस तुम्ही बसा, तुमचं आपण पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी ती बासष्टची होणार होती. शेजारच्या ईझलपाशी डोंगरातल्या एका गावाहून दोन बस बदलून आलेली इलिंका नावाची मुलगी होती. ती वेतुरियाकडे बघतच नव्हती. मान खाली घालून पावाच्या गराच्या गोळ्या वळत होती आणि तिची बोटं त्या पुन्हा मोडत होती. अशीच बोटं वेतुरियाने एकोणिसाव्या वर्षी आपल्याच हाताला पाहिली होती.

वेतुरिया चौथऱ्याकडे निघाली. चौथऱ्यापाशी बूट काढले, पायरी चढली, खुर्चीत टेकली. पांतेआंनी वाकून तिच्या पायांभोवती खडूने रेघ ओढली, म्हणजे दर विश्रांतीनंतर पाय पुन्हा त्याच जागी पडावेत. खोलीभर सुटकेचा सुस्कारा उमटला. बावीसपैकी एकवीस कोळसे उचलले गेले.

"सर," वेतुरिया म्हणाली, "माझी फळी आणा. आणि त्या आडोशामागचा आरसा."

मॉडेलला कपडे बदलायला कोपऱ्यात लाकडी आडोसा होता. त्यामागे उंच आरसा होता. पांतेआंना क्षणभर काही कळलं नाही. मग आरशात बघून ती स्वतःलाच काढणार हे कळलं तसे ते कपाळाला हात लावून उभे राहिले. मॉडेलने हलायचं नसतं, हे काय तुम्हाला सांगायला हवं, असं ते म्हणाले.

"मी हलणार नाही. हात तेवढा हलेल."

त्यांनी शेवटची अडचण काढली. कागदाचा नावाचा कोपरा दुमडून चिकटवतात, त्यावर शिक्का मारतात, ते कुठलं चित्र कुणाचं हे परीक्षकांना कळू नये म्हणून. इथून काढलेलं चित्र तर कुणीही ओळखेल.

"ओळखू दे की. अठ्ठावीस वर्षांत या खोलीत माझं झाकलेलं राहिलंय काय?"

आधी पांतेआच हसले. मग सगळी खोली हसली. मघाशी टोमणा मारणारा मुलगाच आरसा उचलायला धावला. तो कुणाच्या आड येणार नाही अशा बेताने त्याने चौथऱ्याच्या कडेला भिंतीशी टेकवून ठेवला, आणि "दिसतं का नीट, मावशी?" असं विचारून आपल्या जागी गेला.

चार तास काम चाललं. दर पाऊण तासाने विश्रांती झाली, दर वेळी वेतुरियाचे पाय खडूच्या रेघेत परत आले. तिचा हात सुरुवातीला अडखळला, मग अडखळायचा थांबला. मुलांना मात्र त्या हाताने फार छळलं. काढावा तर तो जागा सोडी, पुसावा तर कागदाला भोक पडे. इलिंकाने तो सहा वेळा पुसला आणि सातव्यांदा धूसरच ठेवला.

दुपारी परीक्षकांसाठी बावीसही कागद भिंतीवर ओळीने टाचले गेले. निकाल सोमवारी लागणार होता. बूट घालून वेतुरिया निघाली, आणि निघता निघता दारात तिचं पाऊल थांबलं. या महाविद्यालयात तिची हजारो चित्रं असतील. उभी, बसलेली, पहुडलेली, कपड्यांतली, विवस्त्र. त्या सगळ्यांत ती नुसती थांबलेली होती. आज कुठे तिचं नाक चुकलं होतं, कुठे वय दहा वर्षांनी वाढलं होतं, एकाने तर तिला मिशीच काढल्यासारखं वाटत होतं. पण त्या भिंतीवरच्या बावीसही कागदांवर वेतुरिया मोल्दोवान चित्र काढत होती.